प्रायव्हेट केलं म्हणजे मीटिंग गायब होत नाही हो

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो, शब्द थोडेफार बदलतात पण मुद्दे तेच. डॉक्टरची अपॉइंटमेंट असो, दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू असो, ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये बिनधास्त टाका, फक्त 'प्रायव्हेट' करा. मग बॉसला दिसत नाही, असिस्टंटला दिसत नाही, आयटीवाल्यांनाही नाही, मीटिंग रूम बुक केली तरी विषय कळत नाही, आणि बाकीची ॲप्स तर वाचूच शकत नाहीत.

एकेक घेऊ.

बॉसला दिसत नाही. बरोबर, पण त्याचं श्रेय प्रायव्हेटला का देताय? मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकच्या मागे कंपनीचे मेल आणि कॅलेंडर सांभाळणारा जो एक्स्चेंज सर्व्हर असतो त्यात मुळात सेटिंगच असं असतं की सहकाऱ्यांना तुमची फक्त फ्री-बिझी वेळ दिसते, बाकी काही नाही. म्हणजे कंपनीने ते सेटिंग सैल केलं नसेल आणि तुम्ही स्वतः कोणाला जास्त परवानगी दिली नसेल तर प्रायव्हेट करा नाहीतर नका करू, विषय दिसणारच नव्हता. प्रायव्हेटची खरी गरज पडते ती तुम्ही कोणाला कॅलेंडर वाचायची परवानगी दिली असेल तेव्हा, आणि नेमकं तिथेच मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या मदत पानावर सांगतं की या सोयीवर विसंबू नका, वाचायची परवानगी असलेला माणूस दुसऱ्या प्रोग्रॅममधून तपशील बघू शकतो. कारण प्रायव्हेट ही त्या अपॉइंटमेंटला चिकटवलेली एक खूण आहे. आउटलुक ती खूण बघतं आणि शहाण्यासारखं विषय झाकतं. दुसऱ्या प्रोग्रॅमने ती मानलीच पाहिजे अशी सक्ती नाही. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावायची आणि कडी लावायचीच नाही, तसं झालं हे.

आणि हे फक्त मायक्रोसॉफ्टचं नाही. कॅलेंडरं एकमेकांशी ज्या फॉरमॅटमध्ये बोलतात तो आयकॅलेंडर, आधी १९९८ मध्ये आला, २००९ मध्ये आरएफसी ५५४५ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) म्हणून नव्याने लिहिला. त्यात 'क्लास' नावाचा रकाना आहे, पब्लिक, प्रायव्हेट, कॉन्फिडेन्शियल, आणि काहीच लिहिलं नाही तर पब्लिक धरायचं. हा रकाना मालकाची इच्छा काय आहे एवढंच सांगतो. अडवायचं काम परवानग्यांनी करायचं असतं.

असिस्टंटला दिसत नाही. हे सरळ चूक. गूगल कॅलेंडरमध्ये ज्याला 'मेक चेंजेस टू इव्हेंट्स' ही परवानगी दिलीय त्याला तुमचे प्रायव्हेट इव्हेंट्स पूर्ण दिसतात, नुसतं बघायची परवानगी असलेल्याला मात्र 'बिझी' एवढंच दिसतं. आता तुमच्या मीटिंगा लावून देणाऱ्या माणसाला बदल करायची परवानगी दिल्याशिवाय तो काम करणार कसं? आउटलुकमध्ये डेलिगेटला, म्हणजे तुमच्या वतीने कॅलेंडर सांभाळणाऱ्याला, प्रायव्हेट गोष्टी दाखवायच्या की नाही याचा वेगळा चेकबॉक्स असतो, तुमचा काय आहे ते आत्ता उघडून बघा, बऱ्याच जणांना तो कधी टिक केला हेही आठवत नसतं.

आयटीवाल्यांना नाही. मेलबॉक्सची पूर्ण परवानगी ॲडमिन स्वतःला देऊ शकतो, मग सगळंच दिसतं. रोज कोणी बसून तुमच्या दाताच्या डॉक्टरची वेळ वाचत नाही हे खरं, पण 'बघत नाही' आणि 'बघू शकत नाही' यात फरक आहे ना.

रूम बुक केली तरी विषय कळत नाही, हा माझा आवडता. एक्स्चेंजमध्ये मीटिंग रूमलाही स्वतःचा मेलबॉक्स असतो आणि तुमचं बुकिंग तिथे गेलं की रूमचा मेलबॉक्स मूळ सेटिंगप्रमाणे दोन कामं करतो. एक, विषय पुसून त्या जागी बुक करणाऱ्याचं नाव टाकतो. दोन, प्रायव्हेटची खूण काढून टाकतो, हो, काढून टाकतो, त्या सेटिंगचं नावच 'रिमूव्हप्रायव्हेटप्रॉपर्टी' आहे आणि ते आधीपासून चालू असतं. पहिलं सेटिंग शाबूत आहे तोवर काही बिघडत नाही. पण रूमच्या दाराशी छोटा स्क्रीन लावला की लोकांची तक्रार येते की नुसती नावं काय दाखवता, मीटिंग कसली आहे ते दाखवा, मग ॲडमिन विषय पुसणं बंद करतो आणि दुसऱ्या सेटिंगकडे कोणाचं लक्षच जात नाही. झालं! एचआरने 'प्रायव्हेट' करून लावलेली 'पीआयपी चर्चा' (म्हणजे काम सुधारा नाहीतर नोकरी धोक्यात, अशी समज देणारी) ही मीटिंग आता दारावर, चहाला जाणारा येणारा प्रत्येकजण वाचतोय, आणि बिचाऱ्या एचआरच्या स्वतःच्या आउटलुकमध्ये मात्र प्रायव्हेटचं कुलूप व्यवस्थित दिसतंय.

ॲप्स वाचू शकत नाहीत. मीटिंगच्या नोट्स काढणारं किंवा वेळा ठरवून देणारं एखादं ॲप गूगल खात्याला जोडताना जी परवानगीची खिडकी येते ती कधी वाचलीय का? बरीच ॲप्स तुम्हाला दिसणारी सगळी कॅलेंडरं बघायची, बदलायची, शेअर करायची आणि कायमची डिलीट करायचीसुद्धा परवानगी मागतात. तुमच्या नावाने आत गेलेल्या ॲपला तुमचा प्रायव्हेट इव्हेंट परका कसा असेल? गूगलच्या सेटिंगमध्ये 'सीक्रेट ॲड्रेस' नावाची एक लिंकही असते, तिला पासवर्ड नाही, ज्याच्या हातात लिंक त्याला कॅलेंडर. कधीतरी कोणाला पाठवली असेल तर रीसेट करा.

घरच्यांसाठी जाता जाता: ॲपलच्या फॅमिली कॅलेंडरमध्ये एखादाच इव्हेंट प्रायव्हेट करायची सोयच नाही, तिथे टाकलं ते सगळ्या घराला दिसतं, त्यामुळे बायकोच्या वाढदिवसाचं सरप्राइज तिथे लिहू नका.

मग करायचं काय? ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'बाहेर आहे' एवढंच लिहा, आणि दवाखान्याचं नाव, पत्ता, रिपोर्टची अटॅचमेंट हे स्वतःच्या वेगळ्या खात्यात ठेवा, जे ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलेलं नाही. प्रायव्हेट करायचं तर तेही करा, नुसत्या डोकावणाऱ्यापासून तेवढा आडोसा मिळतो. फक्त वेळ काही लपत नाही, दर मंगळवारी पाच ते सहा कुलूप लावलेला चौकोन दिसला की टीममधले लोक स्वतःच गोष्ट रचतात, आणि ती खऱ्यापेक्षा जास्त मसालेदार असते.