‘इंट्रोव्हर्ट’चे युंगपूर्व आयुष्य
‘इंट्रोव्हर्ट’ (अंतर्मुख व्यक्ती) हा शब्द स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी घडवला, असे विधान एका लेखात वाचले; ते मला दुरुस्त करावेसे वाटते. लॅटिनमधील ‘आत’ आणि ‘वळवणे’ या अर्थांच्या शब्दांपासून बनलेले हे क्रियापद सतराव्या शतकातच इंग्रजीत आले होते आणि मन बाह्य विषयांवरून काढून ईश्वरचिंतनाकडे वळवण्याच्या साधनेसाठी धार्मिक लेखनात वापरले जात होते. एकोणिसाव्या शतकात प्राणिशास्त्रज्ञांनी हा शब्द नाम म्हणून स्वीकारला, तोही अगदी शब्दशः अर्थाने: काही समुद्री कृमींचा पुढचा भाग मोजा उलटावा तसा धडात ओढला जातो, त्या भागाला आजही ‘इंट्रोव्हर्ट’च म्हणतात. (अबोल माणसांची थट्टा करणाऱ्यांना हे फारच आवडेल.) युंग यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात त्याचा व्यक्तिमत्त्वप्रकार हा अर्थ रूढ केला, परंतु त्यांचा रोख मानसिक ऊर्जेच्या दिशेवर होता, लाजाळूपणावर नव्हे. मराठीत मात्र ‘त्या प्रसंगाने तो अंतर्मुख झाला’ असे म्हणताना आपण स्वभाव नव्हे, तर क्रियाच सांगतो, आणि ती छटा युंगपूर्व इंग्रजी अर्थाला अधिक जवळची आहे.