कोकणातला माठ वाऱ्यावर चालतो

उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. मोठ्या कुंडीत छोटी कुंडी, मधे ओली वाळू, वर ओलं गोणपाट, आणि खाली लिहिलेलं: 'विजेशिवाय फ्रीज, दूध-मासे सगळं टिकतं!' यंदा तो आमच्या गावाच्या ग्रुपवरही आला. मला त्यावर नीट बोलायचंय, कारण माठावर माझं मनापासून प्रेम आहे आणि खोट्या स्तुतीने त्याचं नुकसानच होतं.

ही जोडकुंडी चांगलीच आहे. उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने 1995 च्या सुमारास ती गावोगाव पोचवली. त्याच्या प्रयोगात 3 दिवसांत सुकणारी वांगी 27 दिवस टिकली. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचा फ्रीज बनवून विकला. पण उत्तर नायजेरिया काय, वांकानेर काय, दोन्हीकडची उन्हाळी हवा कोरडी. आपल्याकडे कोकणात मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमट राहतो.

माठ गार करतो तो पाझरून. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटरमधलं जेमतेम 10 मिलीलिटर पाणी उडालं, तरी त्या हिशेबाने उरलेलं पाच-सहा अंशांनी उतरू शकतं. पण हवा आधीच ओली असेल तर पाणी उडणार कुठे? थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरा. जो आकडा दिसेल, त्याच्या खाली माठ जात नाही. नागपुरात 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर तो आकडा 25 च्या जवळ येतो, म्हणजे 18 अंशांचा उतार. रत्नागिरीत 33 अंश आणि 65 टक्के असेल तर साडेसत्तावीस. आपल्या वाट्याला पाच-साडेपाच अंश, आणि तेही माठ चांगला असेल तर.

म्हणून दूध आणि मासे यांचा विषयच नको. मासळीला बर्फच लागतो. दूध तापवून दोन्ही वेळचं त्याच वेळी संपवावं. आपल्या आज्या-पणज्यांनी बांगडा माठात ठेवला नाही, खारवला आणि सुकवला. आमसुलं, खारातली कैरी, फणसाची साठं, सुके बोंबील हे सगळं दमट हवेला दिलेलं उत्तर आहे. ते लोक या हवेला आपल्यापेक्षा चांगले ओळखत होते.

मग माठ कशाला? पाण्याला. त्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. साडेसत्तावीस अंशांचं पाणी घशाला न बोचता तहान भागवतं. फक्त तो ठेवायचा कुठे, हे आपण विसरलो. हल्ली माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गॅसजवळ, भिंतीला चिकटून असतो, आणि मग 'माठाला काही अर्थ नाही' म्हणून लोक फ्रीजकडे वळतात. माठाची जागा पडवीत, सावलीत, जिथून दुपारचा खारा वारा आरपार जातो तिथे. खाली अडणी किंवा तिवई, म्हणजे बुडालाही वारा लागेल. मार्चमध्ये घाटाकडून कोरडा वारा येतो, अंगाची लाही होते, त्या दिवसांत तोच माठ बघा किती गार देतो! पावसाळ्यात मात्र त्याला खुशाल विश्रांती द्या.

आणि कृपा करून रंगवलेला माठ घेऊ नका. हायवेवर ऑइलपेंटने वारली चित्रं काढलेले, चकचकीत पॉलिशचे माठ मांडलेले असतात. रंगाने छिद्रं बुजतात, माठ पाझरत नाही, आणि न पाझरणारा माठ म्हणजे नुसतं भांडं. साधा, खरबरीत घ्या. पहिल्यांदा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. साबण कधीही लावू नका, माती तो पिऊन घेते. बाहेरून काथ्याने घासा. दोन-तीन उन्हाळ्यांनी पाण्यातले क्षार छिद्रांत बसले आणि पाझर मंदावला की नवा घ्यायचा, म्हणजे कुंभाराच्या घरीही चार पैसे जातात.

जोडकुंडी करायचीच असेल तर पालेभाजी, काकडी, मिरची यांच्यासाठी करा. ओलाव्याने भाजी मलूल होत नाही, हाच आपल्याकडे तिचा खरा उपयोग. पण वाळू व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली घ्या, समुद्राची नको. खारट वाळूतलं मीठ मातीत शिरतं आणि छिद्रं धरून बसतं.

हे सगळं हौसेचं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वादळ पुन्हा येणार. त्या वेळी कशावर विसंबायचं आणि कशावर नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधी ठाऊक असलं पाहिजे. त्यामुळे तो व्हिडिओ पुढे पाठवणार असाल, तर 'मासे आणि दूध सोडून' एवढं खाली नक्की लिहा.