भिंतीला आलेलं पोट

स्लॅबला मान असतो. नारळ फुटतो, मजुरांना जेवण असतं, सासरकडची मंडळी फोन करून पेढ्यांची आठवण करून देतात. बेसमेंटच्या भिंतीच्या वाट्याला यातलं काही येत नाही. बाहेरून ती मातीत गाडली जाते, आतून तिला कपाट लागतं, आणि मधल्या काळात ती घरमालकाचा जीव काढते.

मुळात नाशिकमध्ये बंगल्याला बेसमेंट काढतोय म्हटलं की लोक आवाज खाली आणून एकच विचारतात, "वाइन का?" पुस्तकं आणि सायकली ठेवायच्या आहेत, असं मी कितीदा सांगितलं. "असू द्या, असू द्या," म्हणून लोक खांद्यावर थाप मारतात. द्राक्षांच्या जिल्ह्यात तळघराला दुसरं कारण असू शकतं, हे कुणाला पटतच नाही.

खोदकामापासूनच शेजारच्या नानांनी कंपाउंडला टेकून मुक्काम ठोकला होता. वरची काळी माती गेली, मुरूम गेला आणि खाली आपला तो काळा पाषाण लागला. त्यावर ब्रेकर बडबडायला लागल्यावर नाना खूश. "एवढा दगड निघतोय, तर दगडाचीच भिंत घाल. काळारामाच्या मंदिराला रामशेजहून दगड आणला. पेशवाईपासून उभं आहे. तिथं कुणी शटरिंग लावलं होतं का?" मंदिर सरदार ओढेकरांनी बांधलं आणि माझा बंगला बँक बांधतेय, हा फरक मी गिळून टाकला.

तर शटरिंग, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणारा साचा. लोखंडी प्लेटा, निलगिरीच्या बल्ल्या, जॅक, प्लेटा जोडणाऱ्या चाव्या, ऑइलचा डबा. एवढं सामान बघून मला वाटलं, साच्यात माल ओतायचा, वाळला की साचा काढायचा, यात काय एवढं? आमची इंजिनियर वयाने माझ्या भाचीएवढी, पण हिशेबात कडक. "सर, भिंत 3 मीटर उंच आहे. ओलं काँक्रीट घनमीटरला 2400 किलोच्या आसपास. सगळं एकदम ओतलं तर तळाशी एका चौरस मीटरवर 7 टनांच्या वर रेटा येतो. आडवा." सात टन म्हणजे चार-पाच पिकअप कांदा एका प्लेटीला आतून खांदा लावून उभा! त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून माल थराथराने, दमादमाने चढवायचा. खालचा थर जरा आवळला की त्याचा रेटा कमी होतो. पण थंडीत काँक्रीट आवळायलाही वेळ घेतं, आणि आमचा मुहूर्त नेमका डिसेंबरातला. निफाडचा पारा घसरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्याच थंडीत शटरिंगजवळ उभ्या असलेल्या घरमालकाचा फोटो कुणीही काढत नाही.

माल ओतायच्या दिवशी सकाळी सकाळी तयार काँक्रीट आणणारा ट्रक, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, गल्लीच्या तोंडाशी येऊन अडला. कोपऱ्यावर कव्हर घातलेली एक गाडी उभी होती. मालक पुण्याला, चावी बहिणीकडे, बहीण देवळात. ड्रम गरगरतोय, तयार माल ठरावीक वेळेत उतरवायचा असतो म्हणून इंजिनियर घड्याळ बघतेय, आणि नाना मिक्सरच्या ड्रायव्हरला काळारामाबद्दल सांगताहेत. अखेर बहीण प्रसादासकट आली. गाडी हलली.

पुढचा तमाशा पाण्याचा. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "माल घट्ट वाटतोय साहेब, थोडं पाणी मारू?" या माणसाला पाण्याचा पाइप दिसला की हात शिवशिवतो. इंजिनियर मधे उभी राहिली. "पाणी मारलं तर ताकद जाते. माल किती पातळ आहे तो स्लम्प बघितलाय मी. हात लावायचा नाही." ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला, मी आकाशाकडे.

पंप सुरू झाला. उंचावरून माल पडला की खडी वेगळी होते, म्हणून पाइप पार आत सोडलेला. माल दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई खाली गेली की अख्खं शटरिंग थरथरायचं आणि त्यासोबत मीही. मिस्त्री मात्र फळीवर उभा राहून तंबाखू मळत होता. अर्ध्या उंचीवर 'टण्' असा आवाज झाला. प्लेटांची एक चावी उडाली आणि दोन प्लेटांच्या मधून सिमेंटचं पाणी सुटलं.

"पंप बंद! बंद कर रे!"

पाच जण पाच बल्ल्या घेऊन धावले. मिस्त्रीने तंबाखू तोंडात टाकली, हातोडा उचलला, चार दणके दिले, पाचर ठोकली, ओळंबा सोडून बघितला. जीव भांड्यात पडला, पण भिंतीला पोट आलं ते आलंच.

"काय नाय भाऊ," मिस्त्री म्हणाला, "प्लास्टरमधी जातंय."

बांधकामातला हा सगळ्यात मोठा दिलासा. कॉलम तिरका, चौकट वाकडी, काटकोन रुसलेला, सगळं प्लास्टरमध्ये जातं. माझ्या मते अर्ध्या नाशिकच्या भिंती एकमेकींना समांतर आहेत त्या प्लास्टरच्या पुण्याईवर.

"प्लास्टर 15 मिलीमीटरचं असतं," इंजिनियर म्हणाली. "हे पोट 30 चं आहे. आणि बाहेरच्या बाजूला प्लास्टर नाहीच."

मिस्त्रीने क्षणभर विचार केला. "मंग तिकडून मातीत जाईल."

दुसऱ्या दिवशी प्लेटा निघाल्या. दोन्हीकडच्या प्लेटा बांधून ठेवणाऱ्या टाय रॉडच्या भोकांत सिमेंटचं ग्राउट भरलं, भिंतीवर गोणपाटं चढली आणि आठवडाभर पाइप हातात धरण्याचं काम घरमालकाच्या हुद्द्याला शोभेल म्हणून माझ्याकडे आलं. नाना रोज येऊन पोटावर हात फिरवायचे. "किती महिने झाले?" असं एकदा विचारलंसुद्धा.

परवा पुस्तकांच्या कपाटाचं माप घ्यायला सुतार आला. त्याने टेप लावला, मग पट्टी लावली, मग गाल पट्टीला टेकवून एक डोळा मिटला.

"साहेब, भिंत मधे पुढं आलीय."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"काय हरकत नाय," तो पट्टी खाली ठेवत म्हणाला, "फर्निचरमधी जाईल."