व्हाउचर आलं म्हणून घरपट्टी उतरत नाही

टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी शाळा-व्हाउचरचा, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा देण्याचा, कायदा केला, आता प्रत्येक मुलामागे दहा हजार डॉलर पालकांच्या हातात येणार. सरकारी शाळांचा खर्च घटून प्रॉपर्टी टॅक्स उतरणार. विरोध करणारे एकतर डेमोक्रॅट, नाहीतर रिपब्लिकन पक्षात लपलेले डावे. तेव्हा ‘आपली मूल्यं’ मानणाऱ्यांनी अशांना घरी बसवावं. भारतातही आरटीई आहेच की, अशी पुस्ती शेवटी जोडलेली असते.

हा मेसेज पुढे ढकलणारे बहुतेक लोक कर कमी असावा, सरकारनं कुटुंबात लुडबूड करू नये अशा मताचे आहेत. मीही त्याच मताचा. म्हणून तर हिशोब नीट लावायला हवा.

आधी ‘प्रत्येक मुलामागे दहा हजार’. या कायद्यावर, म्हणजे सिनेट बिल 2 वर, मे 2025 मध्ये सही झाली आणि योजना 2026-27 या शालेय वर्षापासून लागू. पहिल्या टप्प्याला तरतूद एक अब्ज डॉलरची. खासगी शाळेतल्या मुलाला साधारण दहा हजार, घरी शिकणाऱ्याला जास्तीत जास्त दोन हजार. एक अब्जाला दहा हजारांनी भागलं की एक लाख मुलं होतात. टेक्सासच्या सरकारी शाळांत मुलं आहेत सुमारे 55 लाख. अर्ज जास्त आले की क्रम ठरलेला आहे: आधी दारिद्र्यरेषेच्या पाचपटीच्या आतल्या घरांतली अपंगत्व असलेली मुलं, मग कमी उत्पन्नाची घरं, असं करत वर. या पाचपटीहून जास्त कमावणाऱ्या सगळ्यांसाठी मिळून एकूण तरतुदीतला जास्तीत जास्त 20 टक्के हिस्सा. चौघांच्या कुटुंबाला ही मर्यादा 2025 च्या आकड्यांनुसार सुमारे 1,60,000 डॉलर पडते. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोत नवराबायको दोघंही आयटीत असतील तर ते शेवटच्या पंगतीत. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांतले किती जण त्याच पंगतीत बसतात, ते ज्याचं त्यानं बघावं.

आता कराचा मुद्दा. खरा घोळ इथे आहे.

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. 2019 मध्ये मतदारांनी घटनेतच तशी तरतूद करून घेतली. त्यामुळे शाळांचा भार घरांवर पडतो, आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सगळ्यात मोठी ओळ बहुधा स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचीच असते. व्हाउचरचा पैसा मात्र या ओळीतून जात नाही. तो राज्याच्या तिजोरीतून जातो, आणि ती भरते मुख्यतः सेल्स टॅक्समधून.

समजा शेजारचा मुलगा सरकारी शाळा सोडून व्हाउचरवर खासगी शाळेत गेला. तुमच्या घराची किंमत बदलली? नाही. डिस्ट्रिक्टचा दर बदलला? त्या एका कारणानं नाही. तुम्ही तेवढाच कर भरता. बदलतं ते डिस्ट्रिक्टच्या वाट्याचं गणित. टेक्सास शाळांना पैसे देतं ते पटावरच्या नावांवर नाही, सरासरी हजेरीवर. मूल गेलं की हजेरी घटते, हक्काची रक्कम घटते. मग एकतर राज्य आपला हिस्सा कमी करतं, किंवा डिस्ट्रिक्ट श्रीमंत असेल तर तिथला जादा कर ऑस्टिनकडे, म्हणजे राज्य सरकारकडे, वळतो. याच वळत्या पैशाला इथे 1993 पासून ‘रॉबिनहुड’ म्हणतात. शाळेची बस तीच, एसीचं बिल तेच, मुख्याध्यापक एकच; विद्यार्थी कमी. प्लेनोच्या डिस्ट्रिक्टनं व्हाउचर यायच्या आधीच, मुलांची संख्या घटत चालल्यामुळे, चार शाळा बंद करायचं ठरवलं होतं. आणि आपली मंडळी घर घेताना आधी काय बघतात? डिस्ट्रिक्टचं नाव आणि शाळेचं रेटिंग. घराची किंमत शाळेवर उभी आहे हे माहीत असूनही शाळेचा पैसा आटला की आपलाच फायदा होईल, असं मानणं जरा अजबच.

मूल सरकारी शाळेतून निघालं तर राज्याचा थोडा पैसा वाचू शकतो, हे कबूल. पण जे मूल आधीपासूनच खासगी शाळेत आहे त्याला दिलेले दहा हजार म्हणजे नवाकोरा खर्च. ॲरिझोनानं 2022 मध्ये अशी योजना सगळ्यांना खुली केली तेव्हा सुरुवातीच्या अर्जदारांत बहुतांश मुलं सरकारी शाळेतली नव्हतीच. टेक्सासच्या विधिमंडळाच्या स्वतःच्या बजेट कार्यालयाचा अंदाज आहे की 2030 पर्यंत या योजनेचा वर्षाचा खर्च चार अब्जांच्या वर जाईल. सरकार लहान हवं म्हणणाऱ्यानं या रेषेकडे बघून काय म्हणावं?

गेल्या काही वर्षांत प्रॉपर्टी टॅक्सचं बिल उतरलं असेल तर त्याचं कारण वेगळं आहे. शाळेच्या कराला लागू असलेली होमस्टेड सवलत, म्हणजे राहत्या घराच्या किमतीतला करातून वगळलेला भाग, 2023 मध्ये 40,000 वरून एक लाखावर गेली आणि नोव्हेंबर 2025 च्या मतदानात 1,40,000 वर. शंभर डॉलरला एक डॉलर असा दर धरला तर या शेवटच्या वाढीतून घरामागे वर्षाला 400 डॉलर वाचतात. ही सवलत हवीच होती. पण ती व्हाउचरमुळे मिळाली असं सांगणं म्हणजे निव्वळ थाप.

‘विरोधक म्हणजे डावे’ हे सगळ्यात खोटं. नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सास हाउसनं, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहानं, शिक्षण विधेयकातून व्हाउचर काढून टाकलं, 84 विरुद्ध 63 मतांनी. दुरुस्ती मांडणारे जॉन रेनी रिपब्लिकन, आणि त्यांच्यासोबत आणखी वीस रिपब्लिकन. यातले बरेच लहान गावांचे प्रतिनिधी. राज्याच्या 254 काउंट्यांपैकी (जिल्ह्यांपैकी) निम्म्याहून जास्त ठिकाणी एकही खासगी शाळा नाही. गावातला सगळ्यात मोठा नोकरी देणारा म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि शुक्रवारी रात्री सगळा गाव जमतो तो हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर. तिथला चर्चला जाणारा, बंदूक बाळगणारा, कर कमी हवा म्हणणारा माणूस व्हाउचरला नाही म्हणतो, तो याच मूल्यांसाठी.

एप्रिल 2025 मध्ये हाउसमध्ये या कायद्यावर मतदान झालं तेव्हा विरोधात उरले दोनच रिपब्लिकन. एक गॅरी व्हॅनडीव्हर, पूर्वीचे शाळा-अधीक्षक. दुसरे डेड फेलन. 2021 मध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायचा आणि गर्भपातावर कडक बंदी आणणारा असे दोन्ही कायदे झाले तेव्हा हाउसचे स्पीकर हेच होते. त्यांना डावं म्हणायचं तर उजवं कुणाला म्हणायचं? बाकीचे गेले कुठे, तर 2024 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ॲबट त्यांच्यातल्या अनेकांविरुद्ध प्रचाराला उतरले. पेन्सिल्व्हेनियाचे अब्जाधीश जेफ यास यांनी ॲबटना एकरकमी साठ लाख डॉलर दिले होते. गंमत अशी की या आमदारांविरुद्धच्या अनेक जाहिरातींत व्हाउचरचं नावही नव्हतं, मेक्सिकोच्या सीमेची भीती होती.

मेसेजच्या बाजूनं एक पुरावा आहे आणि तो लपवू नये. मार्च 2024 च्या रिपब्लिकन प्रायमरीत पक्षानं मतपत्रिकेवर विचारलं होतं: पालकांना सरकारी किंवा खासगी शाळा निवडायचा हक्क असावा आणि निधी मुलामागे जावा का? सुमारे 80 टक्के ‘हो’ म्हणाले. पण त्या प्रश्नात खर्चाचा आकडा नव्हता. केंटकीत नोव्हेंबर 2024 मध्ये घटनादुरुस्तीवर थेट मतदान झालं. ट्रंप यांनी ते राज्य तीस टक्क्यांच्या फरकानं जिंकलं, आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, खासगी शाळांना सरकारी पैशाची वाट मोकळी करणारी दुरुस्ती पडली. 120 च्या 120 काउंट्यांत.

आरटीईची तुलना तर उलटीच लागते. आपल्याकडे खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांवर मूल कोण हे शाळा ठरवत नाही, लॉटरी ठरवते. आणि त्या मुलाकडून वर फी घेता येत नाही. टेक्सासमध्ये प्रवेश द्यायचा की नाही हे शाळेच्या हातात, आणि फी दहा हजारांहून जास्त असेल तर वरचे पैसे पालकांचे.

ज्यांच्या घरी विशेष गरजा असलेलं मूल आहे त्यांच्यासाठी मात्र योजना खरोखर विचार करण्याजोगी आहे, कारण तिथे रक्कम तीस हजारांपर्यंत जाते. ती ठरते आयईपीवरून, म्हणजे सरकारी शाळेनं त्या मुलासाठी बनवलेल्या शिक्षण आराखड्यावरून. पण केंद्रीय कायद्यानं तो आराखडा पाळायचं बंधन आहे ते सरकारी शाळेवर. खासगी शाळेत गेल्यावर थेरपी किती तास, कोण देणार, मध्येच नाही म्हटलं तर काय, हे सगळं त्या शाळेशी केलेल्या करारावर. तेव्हा अर्जावर सही करायच्या आधी शाळेकडून हे लेखी घ्या, आणि फॉरवर्डच्या भरवशावर आयईपी सोडू नका.