‘खातं उडवा, पुन्हा सिंक करा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कंपनीच्या सर्व्हरवरची (लोकल) खाती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जुळवताना, म्हणजे सिंक करताना, एकाच माणसाची दोन खाती झाली तर काय करायचं, यावर माझा लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘एवढं लांबण कशाला? क्लाउडमधलं डुप्लिकेट खातं उडवायचं, सिंक पुन्हा चालवायचं, दहा मिनिटांचं काम. लेखकाने हे प्रत्यक्ष कधी केलेलं दिसत नाही.’

आधी माझी चूक. पासवर्डचे बदलही सिंकच्या ३० मिनिटांच्या फेरीतच क्लाउडमध्ये जातात, असं मी लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे, पासवर्ड हॅशची (पासवर्डच्या सांकेतिक रूपाची) फेरी वेगळी असते आणि ती दर २ मिनिटांनी होते. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण ते शेवटचं वाक्य मला लागलं. माझा मुद्दा खोडा, हरकत नाही. ओळखदेख नसताना माणसाच्या अनुभवावर बोट ठेवायची गरज नव्हती. मी डिरसिंकच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिंक साधनाच्या, काळापासून हेच काम करतोय. तेव्हा फेरी दर ३ तासांनी व्हायची. एक दुरुस्ती करून ती लागू पडली का हे बघायला मी अर्धी रात्र बसलेलो आहे.

आणि तुमचा उपाय मी केलेला आहे, एका वरिष्ठांच्या सांगण्यावरून. हिशेब विभागातल्या एका बाईंचं क्लाउडमधलं खातं उडवलं, सिंक चालवलं, एकही एरर नाही. नव्या खात्याला लायसन्स दिलं आणि काम संपलं असं समजलो. बाई रजेवर होत्या. परतल्या तेव्हा मेलबॉक्स रिकामा! जुना मेल उडवलेल्या खात्याबरोबर गेला होता. उडवलेलं खातं ३० दिवसच परत आणता येतं आणि तो २७ वा दिवस होता. नवं खातं बाजूला करून जुनं परत आणलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तो लेख ‘लांबला’.

उडवायची गरजच नसते. क्लाउड खात्याचा इम्यूटेबल आयडी (लोकल खात्याशी जोडणारी खूण) रिकामा असेल, तर यूपीएन (लॉगिनचं नाव) किंवा मुख्य ईमेल पत्ता दोन्हीकडे सारखा करा, सॉफ्ट मॅच होतं, म्हणजे सिंक ती दोन खाती आपोआप जोडतं. फक्त त्या खात्याला अॅडमिनचा रोल असेल तर होत नाही, तो आधी काढावा लागतो. आयडीत आधीच काही भरलेलं असेल तर ‘इनव्हॅलिड सॉफ्ट मॅच’ हा एरर येतो. अशा वेळी सोर्स अँकर (लोकल खात्यातला ज्यावरून हा आयडी बनतो तो रकाना, म्हणजे अॅट्रिब्यूट) कन्सिस्टन्सी जीयूआयडी असेल, तर क्लाउडमधला आयडी बेस ६४ या अक्षररूपातून मूळ रूपात आणून लोकल खात्याच्या त्या अॅट्रिब्यूटमध्ये बसवायचा. खातं तेच राहतं, मेल तोच राहतो. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आयडीफिक्सचा उल्लेख नाही म्हणता. ते सिंक सुरू करण्याआधी लोकल खात्यांतल्या चुका शोधायला चालवायचं साधन, माझा लेख त्यानंतरच्या गोंधळावर होता. बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही.

एवढंच कळवा, की ज्यांची खाती तुम्ही दहा मिनिटांत उडवलीत, त्यांचा जुना मेल नंतर उघडून पाहिलात का?