फियाटचं चाक हलकं केलं आणि कात्रजच्या घाटात अक्कल आली

गेल्या रविवारी पेट्रोल पंपावर एका तरुण मुलानं मला गाठलं. आजोबांची पद्मिनी त्याच्याकडे आलीये. हौस दांडगी आहे, डोळ्यांत चमक आहे. म्हणाला, "काका, सिरॅमिक क्लच प्लेट टाकतोय, आणि फ्लायव्हील लेथवर देऊन हलकं करून घेतोय. इंजिन कसं झटक्यात उठेल ना?" (फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेलं, त्याच्याबरोबर फिरणारं जड लोखंडी चाक. क्लच त्यालाच धरतो. खाली मी 'चाक' म्हणतो ते बहुतेक हेच.) मागं रिक्षावाला हॉर्न मारत होता, त्यामुळे मी नुसतं "घाई करू नकोस" म्हणालो आणि निघालो. पण ते काही मनातून जाईना. दोन वर्षांपूर्वी हाच उद्योग मी केलाय. म्हणून ही लांबण. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी इथूनच यू-टर्न घ्यावा, राग नाही.

माझी गाडी 1970 ची फियाट 1100 डिलाइट. बाबांची. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली, स्टिअरिंगला गिअर. हीच गाडी पुढं पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होती. इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आज कॉलेजची पोरं एवढ्या ताकदीच्या मोटारसायकली उडवतात. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

तर माझा क्लच स्लिप व्हायला लागला. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. तेव्हा शांतपणे कारण शोधायला हवं होतं. पण मी रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघत बसलो. इंग्लंड-इटलीत लोक आपल्या जुन्या गाड्या रेसला नेतात, फ्लायव्हीलच्या कडेचं लोखंड काढून टाकतात, आणि ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला की काटा टणकन वर. मला वाटलं, आपणही करू. आमच्या मिस्त्रींनी एकदा विचारलं, "साहेब, नक्की?" मी म्हणालो, नक्की. आठ किलोचं चाक सहा किलोचं झालं, सिरॅमिकची प्लेट बसली.

गॅरेजच्या दारात उभ्या गाडीचं इंजिन खरंच सुरेख उठायचं. आवाज ऐकून मी खूश. मग पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटानं निघालो.

पुढं एसटी, मागं ट्रक, आणि रांग दर वीस फुटांवर थांबतेय. क्लच सोडला की इंजिन बंद. पुन्हा सेल्फ. जरा जास्त रेस देऊन सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारणार. सिरॅमिक प्लेट एकतर धरते, नाहीतर सोडते. हाफ क्लच नावाची जी मधली जागा असते, जिच्यावर आपण आयुष्यभर गाड्या चालवल्या, ती तिथं नाहीच. सगळी गाडी थडथडत होती. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, गाडी चालवतोयस की ताक घुसळतोयस? तुझे बाबा चालवायचे तेव्हा मांडीवरच्या डब्यातली आमटी हलायची नाही."

तो टोमणा बसला. गाडी थेट मिस्त्रींकडे.

मिस्त्री मूळचे फलटणकडचे. ते म्हणाले, "साहेब, कडबाकुट्टीचं चाक बघितलंय ना? एवढं जड कशाला असतंय? पेंढी आत गेली की माणसाचा हात कमी पडतो, पण चाक थांबत नाही. पेंढी चाक कापतंय, माणूस नाही. तुम्ही ते चाकच तासून आणलं."

याहून सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांच्या मधली पोकळी जड चाक भरून काढतं. आणि उभी गाडी हलवताना, क्लच पकडतो त्या क्षणी, चाकात साठलेला जोर कामी येतो. तीनशे अश्वशक्तीवाल्याला ही शिदोरी नसली तरी चालतं. आपल्या चाळिशीवाल्याला तीच तर लागते.

मग मी गणितही केलं. म्हणजे चाक तासून आणल्यावर. आधी केलं असतं तर पैसे वाचले असते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण 16 फेरे होतात तेव्हा गाडीचं चाक एकदा फिरतं. फ्लायव्हीलचा परिणाम या आकड्याच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 256 पट. मध्यापासून 12 सेंटीमीटरवरचं दोन किलो लोखंड काढलं, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी पळवताना ऐंशी-नव्वद किलोचा माणूस खाली उतरल्यासारखा फायदा होतो. ऐकायला झकास. पण टॉप गिअरमध्ये तोच फायदा जेमतेम सहा किलोंचा. डिकीतला जॅक आणि पान्यांची पिशवी घरी ठेवली की तेवढा मिळतो! आता लक्ष्मी रोडवर पहिल्या गिअरात मी शर्यत कुणाशी लावणार? भाजीच्या हातगाडीशी?

शिवाय एक धोक्याची गोष्ट. ही जुनी चाकं ओतीव लोखंडाची, वर्षानुवर्षं तापून-निवून थकलेली. बारीक चीर असलेलं चाक तासून पातळ केलं आणि वर इंजिन ताणलं, तर ते फुटू शकतं. फुटलं तर बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं धातूचं आवरण, फाडून तुकडे थेट पायांपर्यंत येतात. रेसवाले उगीच तिथं पोलादी ढाल बसवत नाहीत.

दुसरं चाक कुर्ल्याच्या भंगारात मिळालं. मिस्त्रींनी ते एका बोटावर लटकवलं आणि पान्यानं टक् केलं. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून बघतात, अगदी तस्संच. स्वच्छ, लांब आवाज आला. शेजारचं दुसरं वाजवलं तर बद्द. ते तिथंच सोडलं. आम्ही घेतलेल्या चाकावर निळे-जांभळे डाग होते, कुणीतरी हाफ क्लचवर तापवल्याचे. लेथवर तोंड सपाट करून घेतलं, ते गेले.

मग त्यांनी रिंग गिअर दाखवला, म्हणजे चाकाच्या कडेवरची दातेरी कडी, जिला सेल्फ फिरवतो. दाते सगळीकडे धड, फक्त समोरासमोरच्या दोन जागी झिजून बोथट. म्हणाले, "चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना याच दोन जागांवर येऊन थांबतंय, म्हणून सेल्फ तिथंच चावतो." पन्नास वर्षं गाडी घरात आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं. रिंग तापवून काढली, पाव फेरा फिरवून पुन्हा बसवली. नवीन घ्यायची गरजच पडली नाही. सेल्फचा तो खर्रर्र आवाज, जो मी बॅटरीच्या माथी मारत होतो, बंद.

आणि मूळचा स्लिप? इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून प्लेटवर येत होतं. बस्स. सिरॅमिकही नको होती, काहीच नको होतं. आधी सील बदललं असतं तर ही पोस्ट झाली नसती.

म्हणून त्या मुलाला, आणि असल्या विचारात असलेल्या सगळ्यांना सांगतो. खर्च करायचाच असेल तर गिअरबॉक्स उतरलेला असताना न दिसणाऱ्या गोष्टींवर करा. सील, क्रँकच्या टोकातला बुश, रिलीज बेअरिंग. मी एक सुधारणा मात्र केली आणि ती ठेवलीये. क्लच प्लेटला चाकावर दाबून धरणारी, गोल मांडलेल्या स्प्रिंगांची जुनी प्रेशर प्लेट काढून डायफ्रामची, म्हणजे चकतीसारख्या एकाच स्प्रिंगची टाकली. त्यासाठी चाकाला भोकं नव्यानं पाडावी लागली, पण पेडल मऊ झालं, आणि प्लेट झिजली तरी पकड जुन्या स्प्रिंगांसारखी ढिली पडत जात नाही. चाक आणि प्रेशर प्लेट एकत्र बोल्ट करून बॅलन्स करून घ्या, सुटं सुटं नको. क्लच प्लेट साधी, मूळ धाटणीचीच. आणि जुन्या प्लेटची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, पूर्वीच्या प्लेटांत ॲसबेस्टॉस असायचा. ओल्या फडक्यानं पुसा.

"ओरिजिनलच ठेवा" असा सोवळेपणा माझ्यात नाही. मूळ रूपात राखलेल्या पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 चा व्हिंटेज नियम आहे, पण त्याखाली 'व्हीए' नंबर घेतला की रोज गाडी बाहेर काढता येत नाही. मला तर तिच्यातून मंडईत जायचंय. त्यामुळे बदल करा, खुशाल करा. पण गाडी कुठं चालवणार आहात ते आधी ठरवा. टेकडीवरच्या शर्यतीला नेणार असाल, इंजिनही तयार केलं असेल, तर हलकं चाक योग्यच आहे, पण पोलादी घ्या.

गेल्या महिन्यात आईला पुन्हा त्याच घाटानं नेलं. या वेळी मुद्दाम आमटीचा डबा मांडीवर दिला होता. आई कात्रजच्या बोगद्यापर्यंत झोपली होती.

ते तासलेलं सहा किलोचं चाक सध्या गॅलरीत आहे, त्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवलीये. कुंडीला बैठक म्हणून उत्तम, तेवढंच काम त्याला दिलंय.