शेठच्या लेटरहेडवरची सात वर्षं

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने लिहिलेलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. विषय भाच्याचा होता. बारावीनंतर तो थेट चाकणला कामाला लागला, सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या मशीनवर आहे, आणि आता नोकरी न सोडता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचं म्हणतोय. ताईने कौतुकाने ते ग्रुपवर टाकलं. त्यावर दादा: "दिवसभर मशीनवर उभं राहायचं आणि संध्याकाळी वर्गात पेंगायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत. करायचं तर रेग्युलर कर. नाहीतर नुसता कागद हातात येईल." खाली चार अंगठे. एक आत्याचा, जिला मी आजवर कुणाला तोडून बोलताना पाहिलं नाही.

मी काही लिहिलं नाही. सोमवारी सकाळी शिफ्टला जाताना इथल्या लोकलमध्ये, एस-बानमध्ये, मनात उत्तर जुळवत होतो, आणि आज आठवड्यानेही तेच करतोय.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका कारखान्यात टर्निंगला, म्हणजे लेथवर आहे. दर सप्टेंबरला आमच्याकडे नवे आझुबी, म्हणजे अ‍ॅप्रेंटिस येतात, सोळा-सतरा वर्षांची पोरं. सुरुवातीचे आठवडे ती व्हाइसला पोलादाचा तुकडा लावून कानशीने घासत असतात, हाताला फोड येईपर्यंत. आठवड्यातले एक-दोन दिवस बेरुफ्सशूले, म्हणजे ट्रेडची शाळा, बाकीचे कारखान्यात. साडेतीन वर्षं हे चालतं आणि पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. यांचं शिक्षण रेग्युलर आहे का, असा प्रश्न इथे कुणाला पडत नाही, कारण रेग्युलर शिक्षण ते हेच. आमचा प्रॉडक्शन हेड असाच कानस घासत वर आला. तो माइस्टर आहे, म्हणजे ट्रेडमधली वरची परीक्षा पास झालेला, आणि माइस्टरची पात्रता इथल्या अधिकृत स्तररचनेत बॅचलरच्या बरोबरीने, सहाव्या स्तरावर धरली आहे. कारखान्यातले पदवीधर इंजिनिअर ड्रॉइंग अडलं की त्याच्याकडे जातात.

दादाला मला हे सांगायचंय. पण त्याहून जास्त सांगायचंय ते माझं स्वतःचं, आणि ते मी घरी कधी नीट सांगितलेलं नाही.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी बाबांची कंपनी बंद पडली. मी कॉलेज सोडलं आणि भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. सात वर्षांत हेल्परचा ऑपरेटर झालो, ऑपरेटरचा सेटर. मग लग्न झालं. बायकोला इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली म्हणून 2013 साली आम्ही दोघं आलो. ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना मिळणारा इथला कामाचा परवाना, तिचं. माझ्या हातात दाखवायला कागद एकही नव्हता. एका त्साइटआर्बाइट फर्ममार्फत, म्हणजे तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत, मी याच कारखान्यात आलो, मशीनवरून निघालेले जॉब धुणं आणि चिप्सच्या, म्हणजे धातूच्या किसाच्या, ट्रॉल्या ओढणं हे काम. ज्या मशीनवर मी झोपेतसुद्धा टूलचा ऑफसेट मारून साइज लावली असती, त्याच्या दाराला हात लावायची परवानगी नव्हती.

तीन वर्षांनी माइस्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू परीक्षा का देत नाहीस?" इथल्या व्यावसायिक शिक्षणाच्या कायद्यात 45वं कलम आहे. एखाद्या ट्रेडच्या प्रशिक्षणाला जेवढा काळ लागतो, त्याच्या दीडपट काळ ते काम केल्याचं दाखवता आलं, तर आझुबी न होताही थेट शेवटच्या परीक्षेला बसता येतं. माझ्या ट्रेडला साडेतीन वर्षं, म्हणजे सव्वापाच वर्षांचा अनुभव हवा. आणि परदेशातल्या कामाचा काळही विचारात घ्यावा, असं त्याच कलमात लिहिलंय.

मी भोसरीला शेठना फोन लावला. चार दिवसांनी त्यांनी लेटरहेडवर पत्र पाठवलं. लेटरहेडवर गणपती, खाली शेठचं टपोरं अक्षर: कोणत्या साली लागलो, कधीपासून कन्व्हेन्शनल लेथ, कधीपासून सीएनसी, मशीनचा कंट्रोल फानुक कंपनीचा, मटेरियल कोणकोणतं, आणि शेवटी एक ओळ, "मुलगा प्रामाणिक आहे". भाषांतर करणाऱ्या बाईंनी तीही जर्मनमध्ये उतरवली. आयएचके, म्हणजे ही परीक्षा घेणारं उद्योग-व्यापाराचं चेंबर, तिथल्या खिडकीवर एका बाईंनी ते पत्र वाचलं, वर्षं मोजली, आणि अर्ज आत घेतला. भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधली माझी सात वर्षं पहिल्यांदा कुठेतरी मोजली गेली होती. बाहेर येऊन मी पार्किंगमध्ये किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

आता दादाच्या "नुसता कागद"बद्दल. त्याचं म्हणणं पूर्ण चूक असतं तर मला एवढा राग आला नसता.

परीक्षेत एका शाफ्टवर 30 एच-6 ची साइज होती: व्यास 30 मिलिमीटर, आणि एच-6 ही त्यात किती फरक चालेल त्याची खूण. असे शाफ्ट भोसरीत मी हजारोंनी काढलेत. वर 30.000, खाली 29.987, तेरा मायक्रॉनचा खेळ, त्याखाली गेला की रिजेक्ट. जॉब मी वेळेच्या आधी संपवला. मग तोंडीला तिघं समोर: एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या बाजूचा, एक बेरुफ्सशूलेचा शिक्षक. शिक्षकाने शाफ्ट हातात फिरवत विचारलं, "इथे एच का? जी का नाही?" सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. सुदैवाने आदल्या वर्षभर, शिफ्ट संपली की स्वयंपाकघरात, टाबेलनबुख, म्हणजे ट्रेडच्या तक्त्यांचं पुस्तक, उघडून मी शब्दन् शब्द लावला होता. जी असेल तर शाफ्ट सात मायक्रॉन खालूनच सुरू होतो, म्हणजे भोकात फिरायला हमखास जागा राहते. एचला ती हमी नाही, तो जेमतेम सरकतो. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं आणि हाताने सरकवून दाखवलं. तिघांनी माना डोलावल्या.

म्हणजे नुसता अनुभव पुरत नाही, हे मला दादाइतकंच कळतं, कदाचित जास्त. हात तयार होता, पण त्यामागचं कारण मला त्या एका वर्षात कळलं. म्हणून तर भाच्याला वर्ग हवेत! तो दिवसा जे काढतो, त्याचं कारण संध्याकाळी समजून घ्यायला निघालाय. दादाच्या वर्गातली मुलं फिट्स आणि टॉलरन्सेस फळ्यावर शिकतात आणि त्यातल्या कित्येकांनी मायक्रोमीटर परीक्षेपुरता धरलेला असतो. भाच्याला आपण पेंगणारा म्हणायचं आणि त्यांना रेग्युलर, ही वाटणी मला मान्य नाही.

आणि आपल्याकडे हे नव्हतंच असंही नाही. पुण्यात टेल्कोची अ‍ॅप्रेंटिसशिप मिळाली की घरात पेढे वाटले जायचे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई होती, नोकरी करता करता देता येणारी, पदवीच्या बरोबरीची परीक्षा. माझ्या मामाने नोकरी सांभाळून तिचा पहिला टप्पा, सेक्शन ए, पार केला होता. ज्यांनी 31 मे 2013 नंतर नाव नोंदवलं त्यांना सरकारी नोकरीसाठी ती पदवीच्या बरोबरीची उरली नाही, आणि काम करता करता इंजिनिअर व्हायची एक जुनी वाट अरुंद झाली. अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट तर 1961चा आहे, जर्मनीच्या 1969च्या त्या व्यावसायिक शिक्षणाच्या कायद्यापेक्षा आठ वर्षं आधीचा. आयटीआयच्या ट्रेड टेस्टलाही अनुभवाच्या जोरावर खासगी उमेदवार म्हणून बसता येतं. हे मला इथे आल्यावर कळलं. भोसरीत सात वर्षांत ना शेठने सांगितलं, ना शेजारच्या शेडमधल्या कुणी. सांगितलं असतं तर? या "तर"पाशी मी फार थांबत नाही.

एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2023 मध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळच्या वर्गांना परवानगी दिली, त्यातूनच भाच्याला ही संधी मिळते आहे. दादाला वाटतं की यात घोटाळे होतील, हजेऱ्या खोट्या लागतील, प्रॅक्टिकल कागदावरच उरकतील. होतील, मलाही वाटतं. मग त्याने प्राध्यापक म्हणून परीक्षा कडक करायला लावावी. बाहेरचे परीक्षक मशीनसमोर बसवावेत, कारखान्यातला एक माणूस त्यांच्यात घ्यावा, आणि "एच का, जी का नाही" हे भाच्याला विचारावं. तो उत्तर देईल. ते न करता पोराच्या थकव्यालाच नावं ठेवायची, हे मला लागलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, कुशल माणसं पाठवायचा करार केला. तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी अभिमानाने बातमी फिरवली, दादानेही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर जर्मनीला निघाले की अभिमान, आणि तेच काम करत पोरगा घरी शिकायला बसला की कागद. माझा राग तिथला आहे.

पण राग फक्त दादावर नाही. आई बिल्डिंगमध्ये सांगते की मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे. बारा वर्षं मी ते खोडून काढलेलं नाही. फाखआर्बायटरचं, म्हणजे कुशल कामगाराचं, प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी मी त्याचा फोटो काढला, ग्रुप उघडला, आणि दादाचं नाव दिसल्यावर बंद केला. फोटो अजून फोनमध्ये आहे. आणि गेल्या वर्षी चौथीत मुलीला शिक्षिकेने रेआलशूलेची, म्हणजे थेट युनिव्हर्सिटीकडे न नेणाऱ्या मधल्या पातळीच्या शाळेची, शिफारस केली, तेव्हा खुर्चीवर बसून मीच म्हणालो, "पण मग ती युनिव्हर्सिटीला कशी जाणार?" शिक्षिकेने शांतपणे विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सुंदर काम आहे." मला घाम फुटला होता. माझ्या तोंडून दादाच बोलला होता. इथल्या बाकड्यावर, जर्मनमध्ये, पण शब्द त्याचेच होते. घर सोडून इतकी वर्षं झाली आणि घरातलं कोण मोठं, कोण लहान, ते मोजायची पट्टी मी बरोबर घेऊनच आलोय.

म्हणून हे दादाला ग्रुपवर न लिहिता इथे लिहितोय. काल भाच्याला मात्र फोन केला. त्याला प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, घरच्यांपैकी पहिल्यांदा कुणाला तरी. त्याने मोठा करून पाहिला, आणि त्यावरचे मार्क वाचून दाखवले. मग म्हणाला, "मामा, फॉर्मला कंपनीचं एक वर्षाच्या अनुभवाचं पत्र लागतंय, एचआर नुसतं उद्या-उद्या करतायत." मी म्हटलं, वर्गाचं नंतर बघू, आधी ते पत्र हातात घे. रोज जाऊन उभा राहा. त्यावर तारखा नीट लिहून घे, कोणतं मशीन, कोणता कंट्रोल, सगळं.